ओस्वेगोच्या पतंगाला नाव मिळेपर्यंत

अमेरिकेत न्यूयॉर्क राज्याच्या उत्तरेला, ओन्टारिओ सरोवराच्या काठी, ओस्वेगो नावाची काउंटी आहे. तिथल्या दलदलींमध्ये १९७७ साली जॉन क्रायन आणि रॉबर्ट डिरिग या दोन अभ्यासकांना काळ्या-पांढऱ्या पंखांचा एक पतंग सापडला. बक मॉथ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गटातलाच तो होता, पण त्याच्या राहण्या-खाण्याची तऱ्हा वेगळी होती. त्याच्या पूर्वेकडच्या भाऊबंदांचे सुरवंट ओकच्या पाल्यावर वाढतात. याचे सुरवंट दलदलीतल्या बॉगबीन नावाच्या, तीन-तीन पानांच्या एका वनस्पतीवर पोसले जात होते. पुढच्याच वर्षी, १९७८ मध्ये, अमेरिकी काँग्रेसने धोक्यातल्या प्रजातींच्या संरक्षणाचा आपला कायदा दुरुस्त केला आणि त्यातली एक व्याख्या आखडून घेतली. सापडून वर्ष-दीड वर्षही झालं नव्हतं, तोवर या पतंगासाठी असलेली सर्वांत सरळ वाट बंद झाली. देशाच्या कायद्याने त्याला ‘धोक्यात’ असा दर्जा दिला तो थेट २०२३ साली.

एवढा उशीर योगायोगाने झाला असं मला वाटत नाही. १९७८ ची ती दुरुस्ती चुकीची होती, ती आजही कीटकांचं नुकसान करते आहे आणि ती मागे घेतली पाहिजे, हे मला इथे मांडायचं आहे.

मूळ कायदा डिसेंबर १९७३ चा. ‘प्रजाती’ म्हणजे काय हे सांगताना त्याने उपप्रजातींचा समावेश केला होता, आणि त्याखेरीज एकाच परिसरात राहणाऱ्या, आपापसांत वीण करणाऱ्या कोणत्याही वन्य प्राण्यांच्या गटाचाही. वन्य प्राण्यांच्या व्याख्येत गोगलगायी, खेकडे, कीटक सगळे होते. म्हणजे १९७३ ते १९७८ या पाच वर्षांत एखाद्या दलदलीतला पतंगांचा गट स्वतंत्र उपप्रजाती आहे की नाही, याचा निकाल लागण्याआधीही कायद्याच्या आसऱ्याला येऊ शकत होता. १९७८ च्या दुरुस्तीने ही सवलत फक्त पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांपुरती ठेवली. कीटकांना यायचं असेल तर प्रजाती किंवा उपप्रजाती म्हणूनच यावं लागेल, असं ठरलं.

ते वर्ष या कायद्याच्या दृष्टीने वादळी होतं. जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने टेनेसीमधल्या टेलिको धरणाचं काम स्नेल डार्टर या बोटभर माशापायी थांबवलं होतं. जवळजवळ बांधून झालेलं धरण एका माशासाठी अडतं, म्हणून वॉशिंग्टनमध्ये मोठा संताप होता आणि कायद्याला लगाम घालण्याची मागणी जोरात होती. धरण अडवलं होतं कण्याच्या प्राण्याने. गटवार संरक्षण गेलं मात्र बिनकण्याच्या प्राण्यांचं. मासे, पक्षी, अस्वलं यांच्या मागे शिकारी, मासेमार, पर्यटक अशी बोलणारी माणसं असतात. दलदलीतल्या पतंगाच्या मागे त्या वेळी कोण होतं?

हा पतंग जगतो कसा, हे थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण माझा सगळा युक्तिवाद त्याच्या जगण्यावर उभा आहे. तो दिवसा उडतो, तेही सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंतच, जेव्हा त्या भागातले बाकीचे बहुतेक कीटक आवरतं घेत असतात. पंख पसरले की तो पाच-सहा सेंटिमीटर भरतो. प्रौढ पतंगाला अन्न घेता येईल असं तोंडच नसतं; सुरवंटपणी साठवलेल्या शिदोरीवर मोजके दिवस काढायचे, जोडीदार शोधायचा, अंडी घालायची आणि संपायचं. मादी एखाद्या कडक काडीभोवती अंड्यांचं कडं घालते. ती काडी अनेकदा बॉगबीनची नसतेच, कारण बॉगबीन थंडीत कुजून खाली बसते. अंडी बर्फात, गोठलेल्या पाण्यात हिवाळा काढतात. वसंतात सुरवंट बाहेर पडतात, आधी घोळक्याने आणि मग एकेकट्याने खात फिरतात. त्यांच्या अंगावरचे काटे चांगलेच चावरे असतात. उन्हाळ्यात ते कोषात जातात आणि पानगळीच्या तोंडावर पुन्हा आकाशात येतात.

हे घराणं आपल्याला परकं नाही. गडचिरोली-भंडाऱ्यात ऐनाच्या झाडांवर ज्याचे कोसे पिकवले जातात तो टसरचा पतंगही याच सॅटर्निडी कुळातला. त्याच्याही प्रौढाला खाता येत नाही. ढिवर समाजातल्या कोसा-उत्पादकांना हे कोणत्याही पुस्तकाशिवाय ठाऊक असतं की पतंग वाचवायचा तर ऐन वाचला पाहिजे. ओस्वेगोत ऐनाच्या जागी बॉगबीन आहे, आणि बॉगबीन टिकते ती जमिनीखालून झिरपणाऱ्या पाण्यावर जगणाऱ्या विशिष्ट पाणथळीत. पाण्याची पातळी, त्यातले क्षार, आजूबाजूची झाडं यातलं काहीही फार हललं की तिची जागा दुसरं कुणीतरी घेतं.

आता या पाण्याचा कारभार कोण पाहतं ते बघा. सेंट लॉरेन्स नदीवर मोझेस-सॉन्डर्स धरण १९५८ साली सुरू झालं आणि त्यानंतर ओन्टारिओ सरोवराची पातळी माणूस ठरवू लागला. जहाजं चालली पाहिजेत, वीज निर्माण झाली पाहिजे, काठावरची घरं कोरडी राहिली पाहिजेत, म्हणून पातळीतले चढ-उतार दाबले गेले. पण काठच्या पाणथळींना हेच चढ-उतार लागतात. कधी ओढ पडते, कधी पूर येतो, आणि त्या ओढाताणीत कोणतीही एकच वनस्पती सगळं रान व्यापू शकत नाही. पातळी सपाट झाली तसं पाणकणीस माजलं. युरोपातून आलेल्या उंच, बोरूसारख्या गवताने आणि बकथॉर्नच्या झुडपांनीही हात-पाय पसरले. बॉगबीनला ऊन मिळेना.

दोन्ही देशांचा मिळून सरोवराचा कारभार पाहणाऱ्या इंटरनॅशनल जॉइंट कमिशनने जानेवारी २०१७ पासून नवी योजना लागू केली. पातळीला थोडं नैसर्गिक वर-खाली होऊ द्यावं, असा तिचा हेतू होता. पाणथळींसाठी ही फार चांगली बातमी होती. पण त्याच वसंतात अतोनात पाऊस झाला, सरोवराने उच्चांक मोडला आणि २०१९ मध्ये तोही मोडला. काठावरच्या घरमालकांनी सगळा दोष नव्या योजनेला दिला. न्यूयॉर्क राज्य सरकार तर कमिशनविरुद्ध कोर्टात गेलं. पूर आला तो पावसाने, योजनेने नव्हे, असं कमिशनच्या अभ्यासातून पुढे आलं. मला त्या घरमालकांचं दुःख समजतं. तळघरात पाणी शिरलेल्या माणसाला पाणथळीचं महत्त्व पटवून देता येत नाही, आणि तशी अपेक्षाही करू नये. पण त्या सगळ्या गदारोळात काठच्या दलदलीतल्या काड्यांवरची अंडी कुणाच्या हिशेबात होती? लांबलेल्या पुरात तीही बुडतात. कायद्याने संरक्षित म्हणून नोंदलेला जीव असता, तर निदान अमेरिकेच्या केंद्रीय खात्यांना आपल्या निर्णयांपूर्वी त्याचा विचार करणं भाग पडलं असतं. २०१७ आणि २०१९ या दोन्ही वर्षी हा पतंग केंद्राच्या यादीत नव्हता.

न्यूयॉर्क राज्याच्या यादीत तो १९९९ पासून होता, हे इथे सांगायला हवं. राज्याने आपलं काम केलं. पण सरोवर राज्याच्या हातात नाही.

मग केंद्राला चोवीस वर्षं जास्त का लागली? अनेक कारणं असतील. सरकारी खात्यांकडे कायमच प्रस्तावांचा ढीग असतो. पण मुळातली अडचण ओळखीची होती. हा पतंग म्हणजे नेमका कोण? पूर्वेकडच्या ओकवर वाढणाऱ्या बक मॉथचाच एक गट, पश्चिमेकडच्या दुसऱ्या प्रजातीची फांदी, की दोघांच्या मधलं काही? या पतंगांची बाह्य लक्षणं एकमेकांत इतकी मिसळलेली आहेत की तज्ज्ञ वर्षानुवर्षं वाद घालत राहिले. जनुकीय तपासणीचा २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला मोठा अभ्यास आला, तेव्हा ओस्वेगो आणि कॅनडाच्या ओन्टारिओ प्रांतातला हा गट वेगळा उठून दिसला. २०२० मध्ये त्याला रीतसर उपप्रजाती म्हणून नाव मिळालं, हेमिल्युका माइया मेनिअँथेव्होरा. ऑक्टोबर २०२१ मध्ये केंद्राचा प्रस्ताव आला आणि मार्च २०२३ मध्ये अंतिम निर्णय. नाव मिळाल्यावर तीन वर्षांत काम झालं. नाव मिळायला त्रेचाळीस वर्षं गेली.

त्या त्रेचाळीस वर्षांत पतंग तोच होता. त्याचं अन्न, त्याची दलदल, त्याचं एकटेपण यातलं काहीही नामकरणाने बदललं नाही. बदलली ती फक्त कागदावरची जागा.

प्रजाती-उपप्रजातींच्या चौकटीतच विचार केला तर काय घडतं, हे न्यू ऑर्लिन्सला पाहायला मिळतं. हेमिल्युका माइया हाच बक मॉथ तिथे रस्त्यांकडेच्या भव्य ओकवर वसंतात इतका उदंड होतो की त्याचे चावरे सुरवंट लोकांच्या अंगावर पडतात आणि झाडांवर फवारण्या कराव्या लागतात. कायद्याच्या नजरेत तो आणि ओस्वेगोतला जीव, उपप्रजातीचं नाव मिळेपर्यंत, एकच. ‘बक मॉथ धोक्यात आहे का?’ असं विचारलं तर उत्तर ‘छे, भरपूर आहेत’ असंच येणार. पण लुईझियानाच्या ओकवरचा पतंग ओस्वेगोच्या दलदलीत आणून सोडला तर काय होणार? त्याची पिल्लं बॉगबीनवर जगतील अशी आशा कुणी धरू नये. एका ठिकाणची रेलचेल दुसऱ्या ठिकाणची उणीव भरून काढत नाही.

माशांच्या बाबतीत अमेरिकेला हे नीट समजतं. सॉकाय सामन हा मासा अलास्कात लाखोंनी येतो, डब्यांत भरून जगभर विकला जातो. तरीही आयडाहोच्या डोंगरांपर्यंत चढून येणाऱ्या स्नेक नदीतल्या सॉकायचा गट १९९१ मध्ये ‘धोक्यात’ म्हणून नोंदवला गेला. त्याला वेगळं लॅटिन नाव द्यावं लागलं नाही. या नदीचा हा गट वेगळा आहे, त्याची जागा दुसरा घेऊ शकत नाही, एवढं पुरलं. हाच न्याय पतंगाला लावायला विज्ञानाची आडकाठी नाही. आडकाठी आहे ती कायद्यातल्या एका विशेषणाची.

सीमेपलीकडे गेलं की ती आडकाठीही नाहीशी होते. हाच पतंग कॅनडात, ओटावाजवळच्या रिचमंड फेन आणि व्हाइट लेक या दोन परिसरांत राहतो. कॅनडाच्या २००२ च्या कायद्याने ‘वन्य प्रजाती’च्या व्याख्येत भौगोलिक किंवा जनुकीय दृष्ट्या वेगळ्या गटांनाही घेतलं आहे, आणि त्यात कणा असण्याची अट नाही, वगळले आहेत ते फक्त जिवाणू आणि विषाणू. २००९ मध्ये तिथल्या तज्ज्ञ समितीने या पतंगाला धोक्यात असल्याचा शेरा दिला, तेव्हा त्याला पूर्ण शास्त्रीय नावही नव्हतं. नाव नाही म्हणून समिती थांबली नाही. जीव एकच, आणि एका देशाने दुसऱ्याच्या चौदा वर्षं आधी त्याची दखल घेतली. कॅनडाचा कारभार सगळाच आदर्श आहे असं मी म्हणत नाही, पण ही व्याख्या शहाणी आहे.

या मताविरुद्ध सर्वांत वजनदार आक्षेप संख्येचा आहे. कीटकांच्या प्रजाती अगणित. त्यांच्या प्रत्येक गटाला संरक्षण द्यायचं ठरलं तर प्रत्येक डबकं, प्रत्येक माळ हा खटला होईल आणि खरोखर गरजू जीवांसाठी पैसा-माणसं उरणार नाहीत. आक्षेप खोटा नाही. पण त्यावरचं उत्तर अमेरिकेने स्वतःच कण्याच्या प्राण्यांसाठी शोधून ठेवलं आहे. १९९६ पासून तिथे नियम आहे की गट इतरांपासून स्पष्टपणे तुटलेला असला पाहिजे आणि त्या प्रजातीच्या दृष्टीने महत्त्वाचाही असला पाहिजे. या दोन्ही कसोट्या पार केल्या की मगच तो धोक्यात आहे का, हे तपासायचं. तीच कसोटी कीटकांना लावा. डबक्या-डबक्यातले गट त्यात टिकणार नाहीत. वेगळ्या वनस्पतीवर, वेगळ्या भूभागात, जनुकीय दृष्ट्या दुरावलेला ओस्वेगोचा पतंग टिकला असता, आणि तेही कितीतरी आधी. शिवाय ज्यांना संरक्षण दिल्याने माणसाला फार मोठा धोका होईल अशा उपद्रवी कीटकांना वगळण्याची तरतूद १९७३ पासून कायद्यात आहेच. न्यू ऑर्लिन्सच्या फवारण्यांना कुणी हात लावणार नाही.

दुसरा आक्षेप मला जास्त अस्वस्थ करतो. वर्गीकरणाची अट हीच एक शिस्त आहे, असं काही अभ्यासकच म्हणतात. ती काढली तर कुणीही उठून कुठल्याही गटाला ‘वेगळा’ ठरवेल. पण आजच्या अटीचा परिणाम नेमका उलटा होतो. संरक्षण मिळवायचं असेल तर उपप्रजातीचं नाव द्यायलाच हवं, म्हणून वर्गीकरणावर नको तो भार येतो. नाव देणाऱ्यावर संशय घेतला जातो, नाव नाकारणाऱ्यावरही घेतला जातो. एखाद्या गटाला नाव द्यावं की नाही हा शास्त्राचा प्रश्न शास्त्रज्ञांना त्यांच्या गतीने सोडवू द्यावा. तो गट जगू द्यावा की नाही हा समाजाचा प्रश्न आहे, आणि पहिल्याचं उत्तर येईपर्यंत दुसरा थांबत नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या वाळूच्या टेकड्यांवर राहणारं झर्सिस ब्लू हे निळं फुलपाखरू १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला नाहीसं झालं. ती खरोखर वेगळी प्रजाती होती की दुसऱ्या एका फुलपाखराचाच गट, याचा उलगडा २०२१ साली संग्रहालयातल्या जुन्या नमुन्याच्या डीएनएवरून झाला. वेगळी होती. उत्तर मिळालं तेव्हा ज्याच्याविषयी प्रश्न होता तो जीव जाऊन ऐंशी वर्षं होत आली होती.

मोनार्क फुलपाखरू तर सगळ्या जगाचं लाडकं. त्याचा कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर हिवाळा काढणारा पश्चिमेकडचा गट २०२० च्या हिवाळी मोजणीत दोन हजारांच्याही खाली आला होता. १९८० च्या दशकात हा आकडा लाखांत होता. तरीही केवळ त्या गटाला केंद्राचं संरक्षण देणं शक्य नव्हतं, कारण फुलपाखराला कणा नसतो. सगळ्या मोनार्कचा एकत्र विचार करावा लागला आणि तसा प्रस्ताव यायला डिसेंबर २०२४ उजाडला. कॅलिफोर्नियाच्या राज्य कायद्यात तर कीटकांचा उल्लेखच नाही. २०२२ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाला चार जातींच्या भुंग्यांना वाचवण्यासाठी कायद्यातल्या माशांच्या व्याख्येत बसवावं लागलं, कारण त्या व्याख्येत ‘अपृष्ठवंशीय’ हा शब्द होता. न्यायाधीशांनी योग्य तेच केलं असं माझं मत आहे. पण भुंग्याला मासा म्हटल्याशिवाय न्याय देता येत नसेल, तर दोष कायदा लिहिणाऱ्यांचा आहे.

आपल्याकडेही संरक्षण बऱ्याच अंशी नावावरच चालतं. १९७२ चा वन्यजीव कायदा परिशिष्टांतल्या नावांवर उभा आहे. आंबोलीच्या हिरण्यकेशी उगमातल्या माशाला २०२० मध्ये शिस्टुरा हिरण्यकेशी हे नाव मिळालं आणि २०२१ मध्ये महाराष्ट्र सरकारने तो दोन हेक्टरांचा परिसर जैविक वारसा स्थळ म्हणून जाहीर केला. फार चांगलं झालं. त्यातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट ही की जैवविविधता कायद्याच्या या तरतुदीत संरक्षण जागेला मिळतं, आणि जागेबरोबर तिथल्या बिननावाच्या जीवांनाही. सह्याद्रीत असे बिननावाचे कीटक किती असतील, याचा विचार करणाऱ्याला अमेरिकेतली ही गोष्ट परकी वाटू नये.

ओस्वेगोच्या पतंगासाठी २०२३ चा निर्णय हा शेवट नाही. त्याच्यासाठी ‘अत्यावश्यक अधिवास’ जाहीर न करण्याचं केंद्राने ठरवलं, कारण नेमक्या जागा नकाशावर आल्या तर संग्राहक तिथे पोहोचतील अशी भीती आहे. ही भीती रास्त आहे. अंडी एकाच काडीवर कड्याने असतात, चार माणसांचा हव्यास पुरेसा होईल. पण जागा गुप्त ठेवायच्या असतील तर पाणकणीस आणि बकथॉर्न काढण्याचं, पाण्यावर नजर ठेवण्याचं काम दुप्पट निष्ठेने करावं लागेल, कारण लोकांना न दिसणाऱ्या जागेसाठी लोकांचा दबावही येत नाही. कायद्यानुसार दर पाच वर्षांनी नोंदलेल्या जीवाच्या स्थितीचा आढावा घ्यायचा असतो. याचा पहिला आढावा २०२८ च्या सुमाराला यायला हवा.

आणि विस्कॉन्सिन-मिशिगनच्या पाणथळींत राहणारे बक मॉथ आहेतच. तेही दलदलीतले, तेही ओकपासून दुरावलेले, आणि त्यांचं वर्गीकरण अजून पक्कं नाही. त्यांच्या पाणथळींवरही तीच आक्रमक गवतं आणि झुडपं चढत आहेत. आजच्या कायद्याप्रमाणे त्यांनी आधी नाव मिळवायचं आहे. अमेरिकी काँग्रेसने व्याख्येतलं ‘पृष्ठवंशीय’ हे एक विशेषण काढलं, तर त्यांच्यासाठी अर्ज उद्याही करता येईल.